जात्यावरची ओवी, हेडफोनमधून

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की टेप लावायची, ही आमच्या घरची जुनी रीत. वाकडला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटींची पेटीही सोबत आली. त्या पेटीत आजीचीही एक कॅसेट आहे. 1996 साली चुलत्यांनी गावी टू-इन-वनवर भरलेली. आजी जात्यावर बसून ओव्या गाते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायांच्या अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमच्या आजीची मात्र ही एवढीच.

अडचण दादांच्या कानांची होती. चिंचवडला प्रेस शॉपमध्ये तीस वर्षे काढली, त्यात कान गेले. आवाज येतो, शब्द उमगत नाहीत. स्पीकर वाढवावा तर शेजारून बेल वाजते. (भीमगीत असले की जरा लवकरच वाजते, असो.)

मुलाकडे एक जुना हेडफोन होता, 250 ओहमचा. ओहम जास्त म्हणजे त्याला व्होल्टेजही जास्त लागते. आमच्या डेकच्या सॉकेटला ते झेपेना, आवाज अगदीच दबका येई. म्हणून दोन हजारांच्या आतला एक हेडफोन अॅम्प्लिफायर घेतला, पत्त्यांच्या कॅटाएवढा. डेकच्या मागच्या लाइन आउटमधून वायर त्यात, आणि त्यातून हेडफोन.

आवाज चांगलाच वाढला. पण खरखर वाढली, जात्याची घरघरही वाढली. दादांनी मान हलवून हेडफोन काढून ठेवला. पैसे फुकट गेले म्हणून आम्ही दोघे एकमेकांवर चिडलोही.

मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डेकचे हेड पुसले. काडी तपकिरी झाली! हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला. हेड टेपशी नेमक्या काटकोनात नसले की बारीक, वरच्या पट्टीचे ध्वनी आधी मरतात, आणि शब्दाची ओळख बरीचशी त्यांतच असते. दादांच्या कानांतूनही नेमके तेच गेलेले. अॅम्प्लिफायर वाढवणार, पण आधी त्याला द्यायला हवे ना!

पुन्हा हेडफोन चढवला. आवाज बेताचाच ठेवला, उरलेले कान तरी सांभाळायचे होते. दादा डोळे मिटून बसले. जरा वेळाने एकदम म्हणाले, "अरे, भाऊराया नाही, भीमराया म्हणतीय!"

इतकी वर्षे आम्ही सगळे तिथे 'भाऊराया'च ऐकत होतो.

"मला वाटायचंच," दादा म्हणाले. "आईला भाऊ होता कुठं?"

टेप मागे घेऊन ती ओळ त्यांनी चारदा ऐकली. अॅम्प्लिफायरला हेडफोनचे सॉकेट एकच आहे, दोघांसाठी जोडपिन आणायची आहे. तोवर आई शेजारी हात पुढे करून बसलेली,

"द्या इकडं आता. माझीबी सासू होती ती."