पहिलं पान, दुसरं पान

२०१४ साली मला मुंबईतल्या एका पीआर एजन्सीत पहिली नोकरी लागली. घरी आईला वाटायचं, मुलगी पेपरात बातम्या छापून आणते. प्रत्यक्षात माझ्या टेबलचं नाव होतं ओआरएम. म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट. सरळ मराठीत सांगायचं तर क्लायंटचं नाव सर्च केल्यावर पहिल्या पानावर काही वाईट दिसू नये, याची काळजी घेणं.

एक क्लायंट बिल्डर होता. पनवेलच्या बाजूला त्याची स्कीम होती. तिचं नाव टाकलं की सगळ्यात वर एक मराठी ब्लॉग यायचा. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांचा. दोन पावसाळे छत कसं गळतंय, ऑफिसात किती खेपा मारल्या, कोण काय म्हणालं, सगळं तारीखवार. सोबत ओल आलेल्या भिंतीचे फोटो. भाषा अगदी अर्जासारखी. एकही शिवी नाही.

बॉस म्हणाला, "तू मराठी आहेस, तूच बोल." मी फोन लावला. बिल्डरकडून दुरुस्तीचं आश्वासन द्यायची मला परवानगी नव्हती, फक्त पोस्ट काढायची विनंती करायची होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळ, तू एकदा घर बघायला ये. बघ, आणि मग सांग त्यातलं काय खोटं आहे. तेवढं मी खोडतो."

मी गेले नाही.

त्याऐवजी तीन आठवड्यांत मी अठरा पोस्टी लिहिल्या. 'पनवेलमध्ये घर घेताना ७ गोष्टी', 'मुलांसाठी मोकळी हवा', असल्या. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या ब्लॉगांवर. प्रत्येकीच्या शीर्षकात स्कीमचं नाव, आणि एकीची लिंक दुसरीत. काकांचा ब्लॉग दुसऱ्या पानावर गेला. दुसऱ्या पानावर कोण जातं? ऑफिसात केक कापला.

गंमत म्हणजे आम्हाला ट्रेनिंगमध्ये याच्या उलट शिकवलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेत जेफ जार्व्हिस या पत्रकाराचा डेलचा लॅपटॉप बिघडला. घरी येऊन दुरुस्तीचे पैसे भरूनही काम होईना, म्हणून त्याने ब्लॉगवर राग काढला. 'डेल हेल' म्हणून ते प्रकरण गाजलं. आधी कंपनी गप्प बसली. २००६ मध्ये मात्र तिने ब्लॉग वाचून तक्रारदारांशी बोलायला माणसं नेमली, स्वतःचा ब्लॉग काढला. त्याच वर्षी आग लागण्याच्या धोक्यामुळे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. पुढे जार्व्हिसनेच लिहिलं की डेल ऐकायला शिकली.

आपल्याकडचं उदाहरण आयआयपीएमचं. २००५ मध्येच 'जॅम' या तरुणांच्या नियतकालिकाने या संस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासले. एका मराठी ब्लॉगरने त्याची लिंक देऊन लिहिलं, तर त्याला १२५ कोटींची नोटीस. तो नोकरी करत होता त्या आयबीएमपर्यंत धमकी गेली, की विद्यार्थी तुमचे लॅपटॉप जाळतील. कंपनी अडचणीत नको म्हणून त्याने राजीनामा दिला, पण पोस्ट काढली नाही. मग ज्यांनी ती वाचली नव्हती, त्यांनीही वाचली. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला जाहिरातींत एमबीए, बीबीए असे शब्द वापरायला मनाई केली.

दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. ऐकून घ्या, धमकावू नका. आम्ही काकांना धमकावलं नव्हतं. नोटीस नाही, आवाज चढवणं नाही. आपल्या पोस्टीचं काय झालं, हे त्यांना बहुधा कळलंही नसेल. धमकावलेल्या माणसाच्या बाजूने लोक उभे राहतात. दुसऱ्या पानावर ढकललेल्या माणसाच्या बाजूने उभं राहायला तो आधी दिसावा तरी लागतो.

ती नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात धाकट्या भावाने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. तो घर शोधतोय. खाली लिहिलं होतं, "ताई, हा एरिया चांगला वाटतोय. त्याच बिल्डरचा फेज टू आहे. वाचून सांग."

'मुलांसाठी मोकळी हवा.' माझीच पोस्ट. मला मूलबाळ नसताना, ती जागा न बघता लिहिलेली.

मी सर्च उघडलं, दुसऱ्या पानावर गेले. काकांचा ब्लॉग अजून होता. नंतरच्या पावसाळ्याचीही एक नोंद होती, त्यापुढे काही नाही. लिंक भावाला पाठवली. त्याने वाचली आणि फोन केला.

"हे एकटेच वाईट लिहितायत गं. बाकी सगळे चांगलंच म्हणतायत."

"बाकी सगळे म्हणजे मी आहे," मी म्हटलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग आता?"

आम्ही रविवारी जाणार आहोत. पाऊस चालू असतानाच. ब्लॉगवर इमारतीचं नाव आणि मजला दिलाय. काका तिथेच राहतात की नाही, माहीत नाही. राहत असले, तर छत बघायचंय. आणि फोन कोणी केला होता, तेही सांगायचंय.