संगणकाच्या पहिल्या पडद्यावर मराठी

बिदर-कलबुर्गीकडच्या वकिलाच्या संगणकात दोन भाषा नांदतात. खालच्या न्यायालयांत कन्नड चालते, म्हणून 'नुडी' हे कन्नड टंकलेखनाचे साधन असलेली विंडोज मी ठेवली आहे. मराठी लेखन लिनक्सवर करतो. यंत्र सुरू होताच या दोहोंतून निवड करण्याची यादी 'ग्रब' ही आज्ञावली दाखवते. तीतली नावे इंग्रजीच असावीत असा कायदा कोठेही नाही.

नावे बदलण्याची रीत आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन उमजेल. 'ग्रब.सीएफजी' ही फाईल म्हणजे पहाणीचा उतारा. उताऱ्यावर पेनाने नाव सुधारले, तरी नवा उतारा काढताच जुनेच परत येते. फेरफार मूळ दप्तरातच व्हावा लागतो. ते दप्तर म्हणजे 'इटीसी'तील 'ग्रब.डी' फोल्डर. त्यातल्या '४०_कस्टम' फाईलच्या आरंभीच्या ओळी तशाच ठेवून खाली जुन्या नोंदींचा मजकूर उतरवायचा, अवतरणातले नाव बदलायचे आणि उबुंटूवर 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यायची. लिनक्सच्या नोंदीत कर्नेलचा आवृत्ती-क्रमांक मात्र उतरवू नये, तो सतत बदलतो; 'बूट' फोल्डरात क्रमांकाविना दुवा असतो, तो द्यावा. मूळच्या नोंदी काढू नयेत. आपली नोंद चालली नाही तर त्याच वाटेने आत जायचे असते.

खरी अडचण लिपीची. 'वकिली' असे नाव दिले, तर ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते; 'न्यायालय'मधला 'न्या' पाय मोडून सुटा होतो. ग्रबजवळ 'युनिफाँट' हा टंक आहे, म्हणून अक्षरे उमटतात, पण देवनागरीची जोडणी त्याला येत नाही. कन्नडचीही तीच गत. अरबी अक्षरे मात्र तो नीट जोडतो, कारण ते काम कोणीतरी बसून केले आहे. आपल्या भाषांसाठी अजून कोणी बसलेले नाही. तोवर वेलांटीचा आणि जोडाक्षरांचा फेरा चुकवणारे शब्द शोधावे लागतात. मी विंडोजला 'कामकाज' म्हटले आणि लिनक्सला 'मराठी'. दोन्ही स्वच्छ दिसतात.

प्रत्येक नोंदीला स्वतंत्र 'आयडी'ही द्यावी, रोमन अक्षरांत. आपोआप सुरू होणारी नोंद 'इटीसी'तल्याच 'डिफॉल्ट' फोल्डरातील 'ग्रब' फाईलमध्ये सांगायची असते; ती आयडीने सांगितली की पुढे नाव बदलले तरी बिघडत नाही. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, पण आमच्या दाव्यांचे क्रमांक तेच राहिले.

राहिला क्रम. तो फाईलच्या नावातल्या आकड्यावरून ठरतो. '४०'च्या जागी '०८' केले, की 'मराठी' यादीत सर्वांत वर येते.