तांबडी गाय

तेवीस वर्षं बँकेत काढल्यामुळे जुना कागद हाती आला की मी आधी रक्कम बघतो, मग तारीख, आणि वेळ उरलाच तर मजकूर. त्यामुळे गेल्या चतुर्थीला सावंतवाडीच्या घरी माळा झाडताना खापरपणजोबांची पत्रं सापडली, तेव्हा घरचे गहिवरले आणि मी बेरीज मांडायला बसलो.

बेरीज जमेना, कारण पत्रं मोडीत! शेवटी मोडी जाणणारे एक निवृत्त गृहस्थ चहा आणि खाज्याच्या बोलीवर आले.

खापरपणजोबा मुंबईला गिरणीत. वेंगुर्ल्याहून बोटीने गेलेला माणूस वर्षातून एकदा परत दिसला तर दिसला. बाकी वर्षभर घर चालायचं ते पोस्टावर. पाव आण्याचं कार्ड 1879 साली निघालं आणि पुढच्याच वर्षी पोस्टाची मनिऑर्डर. त्याआधी लोक म्हणे नोट मधोमध कापायचे, एक अर्धा आज पाठवायचे आणि तो पोचल्याचं कळलं की दुसरा. माझ्या काउंटरवर असं कुणी अर्धी नोट घेऊन आलं असतं, तर मी त्याला थेट साहेबांच्या केबिनची वाट दाखवली असती.

कार्डं सगळी वडिलांच्या नावे. 'तीर्थरूप' पासून सुरुवात, 'रुपये पाच पाठविले आहेत, पोच द्यावी' आणि साष्टांग नमस्कार. बायकोचा उल्लेख औषधालासुद्धा नाही. अर्थात करणार कसा? मजकूर लिहिणारा तिसराच, इथे वाचून दाखवणारा चौथा, आणि ऐकायला ओटीवर अर्धी आळी. माझ्या बायकोने मात्र ते लगेच हिशेबात धरलं. "तुमच्या घराण्याची रीतच ती," म्हणाली.

एवढ्यात 1893 च्या श्रावणातलं कार्ड निघालं. 'तांबडे गाईस जड कामास लावू नये. तिजला तूपभात द्यावा. तिन्हीसांजेस विहिरीवर धाडू नये.'

मी थक्क झालो. घरात माणसांना पेज, आणि गाईला तूपभात? आणि ही कसली गाय, जी स्वतःच विहिरीवर जाते?

आजी कोपऱ्यात वाती वळत होती. वय ब्याण्णव, ऐकू येतं ते सोयीचं तेवढंच. म्हणाली, "झिला, आमच्याकडे गाय कधी होती रे? तांबडी म्हणजे माझी आजेसासू. लाल लुगडा नेसायची. पोटुशी होती तेव्हा."

खोलीत कुणी बोलेना. त्याच साली मार्गशीर्षात माझे पणजोबा जन्मले.

"मग तूपभात मिळाला का तिला?" बायकोने विचारलं.

"खंयचो! सासरो म्हणालो, झिलाक मुंबयची हवा बाधली. नसलेल्या गाईची काळजी करता." आजी हसली. "पण ती सांगायची, वाचून दाखवलान तेव्हा मी दाराआड होतंय. माका कळला."

पाच रुपयांची पोच गेली ती सासऱ्याच्या अंगठ्याने. या ओळीची पोच कुठल्याच पोस्टात नोंदलेली नसणार.

चतुर्थीनंतर मी नोकरीच्या गावी परतलो. पैसे आता मोबाइलवरून क्षणात जातात, पोच त्याहून आधी येते. रात्री फोन केला, तर पलीकडे आई, काकू, शेजारीण, सगळ्या बसलेल्या. मी नेहमीसारखं "पैसे मिळाले?" म्हणणार होतो. म्हटलं, "गाय कशी आहे?"

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"गुडघे दुखतायत तिचे," बायको म्हणाली. "आणि तूपभात कुणी विचारलेला नाही."