आईचा आवाज बिघडलाच नव्हता

मागच्या गणपतीत आमच्या सोसायटीत आईने अभंग म्हणायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला स्पीकरमधून कर्कश शिट्टी आली. लोकांनी कानांवर हात ठेवले, मुलं हसली. आईने कसाबसा अभंग संपवला. घरी आल्यावर म्हणाली, "आता आवाज राहिला नाही गं माझा." त्यानंतर स्वयंपाक करतानाचं तिचं गुणगुणणंही बंद झालं.

मी लेख लिहिणारी मुलगी. साउंडमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण यंदा मी आदल्या दिवशीच मांडवात साउंडवाल्या दादांजवळ जाऊन बसले. त्यांनी जे सांगितलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

ती शिट्टी गळ्यातली नसतेच. माइकमधून गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. हे चक्र वाढत गेलं की शिट्टी वाजते. आमचे स्पीकर आईच्या पाठीमागे होते, तोंड थेट माइककडे! यंदा ते माइकच्या पुढे आणून प्रेक्षकांकडे वळवले. गाणाऱ्यासाठीचा छोटा मॉनिटर स्पीकर मात्र माइकच्या पाठीमागे ठेवला. गाण्यासाठी सहसा वापरतात तो कार्डिऑइड माइक समोरचं सर्वांत जास्त आणि मागचं सर्वांत कमी ऐकतो.

दुसरी गोष्ट अंतराची. संकोचाने आई माइकपासून हातभर लांब उभी राहायची. अंतर दुप्पट झालं, की माइकमध्ये पोहोचणारा आवाज साधारण 6 डेसिबलने कमी होतो. मग मिक्सरवर आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टीला आमंत्रण मिळतं. म्हणून माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर हवा. इतक्या जवळून आवाज घुमायला लागला, तर मिक्सरवर 100 हर्ट्झखालचा भाग कापता येतो. आणि माइकची जाळी मुठीत कधीच धरायची नाही, त्यानेही शिट्टी येते.

इको आम्ही जवळजवळ बंदच केला. शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले. संध्याकाळी गर्दी जमण्याआधी आईला दोन ओळी म्हणायला लावून सगळं तपासून घेतलं.

त्या रात्री आई पूर्ण अभंग गायली. खाली उतरून मला हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन म्हणेन."

तुमच्या घरातही कुणी "आवाज गेला" म्हणून गप्प बसलं असेल, तर आधी स्पीकर कुठे ठेवलाय तेवढं बघा.