सातबाऱ्यावरची पाच नावं

मराठी कथा-कादंबरीत मुसलमान भेटतो तो बहुधा खाटीक, अत्तरवाला, पिंजारी, नाही तर गॅरेजवाला. कास्तकार मुसलमान फारसा भेटत नाही. आमच्या अकोला जिल्ह्यात मात्र पटेल, देशमुख अशी आडनावं लावणारी मुसलमान घराणी पिढ्यान् पिढ्या वावरात राबत आली आहेत. त्यांची पऱ्हाटीही पावसाच्याच भरवशावर असते आणि त्यांच्या डोक्यावरही सोसायटीचंच कर्ज असतं. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, त्यांतलेच एक. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल 1930. 2019 साली, पोळा झाल्यावर, ते गेले.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. वरून जमीन काळी, खोल, कापसाला सोन्यासारखी. पण जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला देता येत नाही. दिलं तर जमीन चोपण होते. म्हणून एका पावसावर निघेल तेवढंच पीक. कापूस, ज्वारी, मूग, तूर आणि ओल टिकली तर हरभरा.

पिण्याच्या पाण्याचीही तीच गत. दादा दर दोन दिवसांनी फजरची नमाज झाली की बंडी जुंपून सातपुड्याच्या अंगाच्या एका गावातून गोड पाण्याचे ड्रम भरून आणत. पाच लेकरं, दादी, दादांची विधवा बहीण, शिवाय येणारे-जाणारे. ते पाणी घरासाठी. वावरात गेले की दादा ढोरांबरोबर विहिरीचंच पीत. कुणी हटकलं तर म्हणत, "मेरेकू आदत है." बैलजोडी बदलली, बंडीची चाकं बदलली, पण नळ येईपर्यंत हा फेरा सुटला नाही. एवढं करूनही दादी 2004 साली मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. आमच्या भागातल्या गावांना हा आजार नवा नाही.

दादा जन्मले तेव्हा अकोला मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं. 1956 साली ते मुंबई राज्यात गेलं, 1960 साली महाराष्ट्रात आलं. सोळा एकराचा धुरा मात्र होता तिथंच राहिला. 1969 साली अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं, तेव्हा दादा तिथलं पीक बघायला बंडी घेऊन गेले होते. 1972 साली दुष्काळ आला आणि त्याच साली कापसाची एकाधिकार खरेदीही सुरू झाली. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत. दादा दोन-दोन रात्री बंडीखाली झोपत आणि घरून बांधून नेलेल्या भाकरी पुरवून पुरवून खात. 2002 मध्ये बीटी कापूस आला. तोवर आमच्या घरात पेरणीपुरती सरकी बाजूला काढून ठेवण्याची सवय काही प्रमाणात उरली होती, तीही गेली. "पहले बीज घर का था, अब दुकान का," एवढंच ते बोलले.

कापसाची पहिली वेचणी असली की बाया वावरात सीतादही करत. त्याला दही आमच्या घरून जाई. त्याच दिवशी दादा आपल्या बहिणीला वावरात नेत आणि कापसाचे वीस तास दाखवून म्हणत, "ये तेरे." त्या कापसाचे पैसे तिच्या हातात पडत. तिला वडिलांच्या जमिनीत काही मिळालं नव्हतं. 'लग्नात दिलं ना,' म्हणून विषय संपवला गेला होता. लहान वयात विधवा होऊन ती माहेरी आली आणि मरेपर्यंत राहिली. घरात तिला कुणी वावगं बोललं नाही, पण तिनं स्वतः होऊन भाकर मागितलेली कुणाला आठवत नाही. वीस तासांचे पैसे घेताना ती म्हणे, "भाईकी मेहरबानी." तिला दफन करून आल्यावर दादा अब्बांना म्हणाले, "मेहरबानी कायकी? हक था उसका." मग त्यांनी तिन्ही मुलांना बसवून सांगितलं, की माझ्यामागं पोरींची नावं लागली पाहिजेत.

दादांमागं वारस नोंदीची वेळ आली. सोळा एकर, तीन मुलगे, दोन मुली. मुलाला दोन, मुलीला एक, असे आठ वाटे. वाटा दोन एकरांचा. आम्ही उर्दू शाळेत गणित शिकवतो. हा हिशेब सातवीतलं लेकरू अर्ध्या मिनिटात करतं. आमच्या घराला दोन वर्षं लागली.

फुफी दोघीही हक्कसोड लिहून द्यायला तयार होत्या. "मैका टूटना नहीं," हे त्यांचं एकच कारण. धाकट्या चाचांचं म्हणणं होतं, की बहिणी खुशीनं देत आहेत तर घ्यायला काय हरकत? त्यांचंही अगदी चूक नव्हतं. कोरडवाहू चार एकरात घर चालत नाही, आणि पुढच्या पिढीत त्या चाराचेही तुकडे होणार आहेत. पण अब्बा अडून बसले. जी खुशी माहेर तुटण्याच्या भीतीतून येते तिला खुशी म्हणायचं नाही, असं ते म्हणाले.

1937 च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा अपवाद ठेवलेला आहे. त्यामुळं एरवी शरियतचं नाव घेऊन पुढं येणारी मंडळी वावराची गोष्ट निघाली की रिवाज सांगू लागतात. हिंदू घरांत 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली, पण हक्कसोडीचा कागद तिथंही तिच्यापुढं येतोच. आमच्याकडं मुलीला निम्मंच का, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. आमच्या गावात मात्र भांडण निम्मं की बरोबरीचं, याचं नव्हतंच. ते काहीच नाही की काहीतरी, याचं होतं.

शेवटी सातबाऱ्यावर पाच नावं चढली. धाकटे चाचा दोन हंगाम अब्बांशी बोलले नाहीत. मग थोरल्या फुफीनं आपले दोन एकर त्यांनाच ठोक्यानं दिले. पाडव्याला ठोक्याचे पैसे हातात आले, तसं तिनं अकोल्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. ना मुलाला विचारलं, ना भावाला.

चाचांना ते लागलं. भेटायला आले तेव्हा म्हणाले, "हमकू बोलती तो हम नहीं देते क्या?"

डोळ्यावरचा हिरवा चष्मा सावरत फुफी म्हणाली, "देते ना. मगर बोलना पड़ता."