मस्तगड : दगडावरची तिथी, कागदावरचे क्षण

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुने आणि नवे असे दोन भाग केले आहेत. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथील पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. याच शहरातील मस्तगड ही गढी काबिल खानाने १७२५ साली बांधली. तिच्यावरील फारसी शिलालेखाची आणि भिंतींत दालने असलेल्या आतल्या मोठ्या विहिरीची नोंद जुन्या गॅझेटियरात आढळते. सत्ताधीशाने आपली तिथी दगडावर कोरून ठेवली. पण गढीच्या आसमंतात नांदलेल्या घरांतील बारसी, लग्ने, पाठवण्या यांना शिलालेख कोठून मिळणार?

ती उणीव छायाचित्राने भरून काढली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याचा नामांकित छायाचित्रकार जैन कुळातला होता. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला नोकरीस लागले, तेथेच त्यांना कॅमेऱ्याचा छंद जडला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजवाडे आणि शिकारी तर त्यांनी टिपल्याच. परंतु १८९२ साली हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला, ही गोष्ट अधिक मोलाची. त्याला उंच भिंतींचा आडोसा होता आणि आतले काम स्त्रियाच पाहत. ज्यांचा चेहरा उंबऱ्याबाहेर कोणी पाहिला नव्हता, त्यांची छबी त्यांच्या लेकरांसाठी उरली.

१९०० साली हैदराबाद-मनमाड लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला. शहरांशी ये-जा वाढली, तशी कुटुंबाची तसबीर काढून घेण्याची रीतही हळूहळू व्यापारी घरांत रुजली. मधोमध खुर्चीवर वडीलधारे, मागे मुलगे आणि सुना, पुढे सतरंजीवर नातवंडे. काचेवर प्रतिमा उमटेपर्यंत श्वास रोखून बसावे लागे, म्हणून त्या चेहऱ्यांवर हसू क्वचितच दिसते. मात्र नातवाच्या खांद्यावरचा आजीचा हात पाहिला, की न दिसलेले सारे वात्सल्य तेथे साठलेले जाणवते.

जैन घरात असे क्षण वारंवार येतात. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यात इक्षुरस घेताना तपस्वी आजीचे थरथरते ओठ. वहीपूजनाच्या रात्री प्रथमच लेखणी धरणारा मुलगा. आणि सर्वांत कठीण क्षण दीक्षेचा. वरघोड्यापूर्वी मुलगी गृहस्थवेषात आई-वडिलांजवळ उभी राहते, ती शेवटचीच. दुसऱ्या दिवसापासून जन्मदात्री आईदेखील तिला ‘महासतीजी’ म्हणून वंदन करते. दीक्षेने नाते विसर्जित होते. भिंतीवरच्या चौकटीत आईच्या डोळ्यांतला अभिमान आणि वियोग मात्र एकत्र राहतात.

हा मोह नव्हे काय? बारा भावनांतील पहिली अनित्य भावना सांगते, की संयोग टिकत नाही. द्रव्य राहते, पर्याय पालटतात. छायाचित्र एका पर्यायाची साक्ष देते, त्याला थांबवत नाही. उलट, पन्नास वर्षांपूर्वीचा आपलाच चेहरा समोर धरणे, हा अनित्यतेचा घरगुती पाठच होय. मोह असेल तर तो मोबाईलमध्ये साचलेल्या, कोणीही पुन्हा न पाहणाऱ्या हजारो चित्रांच्या परिग्रहात आहे.

जुन्या घराच्या वाटण्या होतात तेव्हा भांडी मोजली जातात, दागिने तोलले जातात आणि काळ्या कागदाचे अल्बम माळ्यावर राहून जातात. पुढे कोणी ते उघडले, तर डोक्यावर पदर घेतलेली ती स्त्री कोण, हे सांगणारे घरात उरलेले नसते. नाव आणि मिती नसलेली रक्कम व्यापारी रोजमेळात ठेवीत नाही. मग माणसेच बेनावी का राहावीत? चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि वर्ष लिहावे, अल्बमला ऊन आणि ओल लागू देऊ नये, आणि हे काम घरातील वृद्ध हयात असतानाच, त्यांच्या शेजारी बसून करावे.

गढीच्या बांधणाऱ्याचे नाव तीनशे वर्षांनंतरही वाचता येते, कारण कोणीतरी ते वेळेवर लिहून ठेवले. पणजीचे नाव लिहायला तर पेन्सिलीची एक ओळ पुरते.