पूर्णेची वाळू

नाताळची सुट्टी लागली की ओळखीतली निम्मी माणसं कोकणात उतरतात, उरलेली गोव्यात. आम्ही पुण्याहून निघतो ते समुद्राकडे पाठ करून, जालन्याच्या दिशेनं. कुठे चाललात, असं कुणी विचारलं आणि 'मंठा' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग 'लोणारच्या अलीकडे' अशी पुस्ती जोडायची. बाहेरच्यांसाठी आमच्या गावाची ओळख अशी शेजारच्या जिल्ह्यातल्या खड्ड्यावरून पटते.

खरं तर गावाची स्वतःची ओळख काही कमी नाही. रेणुकादेवीचं ठाणं आहे, आणि तालुक्यातल्या हेलसला लोक हेमाडपंतांचं गाव मानतात. जिल्ह्याचं म्हणाल तर 1981च्या 1 मेपर्यंत आम्ही परभणीत होतो. त्या दिवशी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुक्याबरोबर मंठाही इकडे आला. आमच्या आबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'आपली परभणी'च राहिली. कोर्टकचेरीची जुनी सवय, दुसरं काय.

लहानपणी परतूर स्टेशनला उतरून एसटीची वाट पाहावी लागे. आता शेगाव-पंढरपूर पालखी मार्गाचा रुंद रस्ता थेट मंठ्यातून जातो. रामनगरचा साखर कारखाना मागे पडला, वाटूर फाट्यावर चहा झाला की गाव आलंच. दारात गाडी थांबायच्या आत आईचा प्रश्न येतो, "कव्हा निघाल्ता गं? पोरं काहून सुकली इतकी?" पोरं सुकलेली नसतात, पण ते तिला पटवण्यात अर्थ नसतो. तिनं येसर भाजून ठेवलेला असतो, तुरीचे सोले काढून ठेवलेले असतात. वहिनी भाकऱ्या थापत म्हणते, "ताई, आधी जेवा, मग बोला." माहेरच्या सुट्टीचा एवढाच काय तो कार्यक्रम छापील असतो.

दुसऱ्या दिवशी मळ्यात हुरडा. आगटीत गोवऱ्यांचा निखारा झाला की दादा ज्वारीची कणसं त्यात खोचतो आणि नजर न हलवता बसून राहतो. कणीस काढायचा क्षण घड्याळात सापडत नाही. दाण्याचा हिरवा रंग जरासा मंद झाला, आच लागल्याचा गोडसर वास सुटला की झटक्यात बाहेर. मग ते गरम कणीस तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळायचं. फोलपटं फुंकरीनं उडवली की मुठीत उरतात ते टपोरे, दुधाळ दाणे. माझ्या मुलांना अजून हे चोळणं जमत नाही, हात भाजतो. आई त्यांच्यासाठी चोळत बसते आणि स्वतः शेवटी खाते.

त्याच मळ्यात यंदा हरभऱ्याच्या कडेनं जुन्या साड्यांचं कुंपण दिसलं. लाल, पोपटी, मळकी गुलाबी, काठाकाठानं बांबूंना बांधलेली लुगडी वाऱ्यावर फडफडत होती. रानडुकरं आणि रोही आत शिरू नयेत म्हणून. जवळ गेले तर त्यात आईची इरकल होती. लग्नकार्यात नेसायची तीच. काठावर विरलेला एक शिवणीचा टाका होता, तो मीच घातलेला. मी काही बोलले नाही. आईच म्हणाली, "पेटीत कसर खाऊ लागली होती. इथं कामाला तरी येईन."

संध्याकाळी माळाच्या कडेला रोही दिसले. निळसर करड्या रंगाचा मोठा नर, मागे तांबूस माद्या. बुजून पळण्याआधी नरानं मान वळवून आमच्याकडे असं पाहिलं की शेत त्याचंच आणि आम्ही पाहुणे. पोरांनी श्वास रोखला. मी मोबाइल काढला. दादा शांतपणे म्हणाला, "घे फोटो, घे. माझा हरभरा गेला त्याचं काय करू, ते सांग." रात्री तो मचाणावर झोपायला जातो. पूर्वी गोफण नि पत्र्याचा डबा असे. आता भोंग्यावर माणसाचं ओरडणं, कुत्र्याचं भुंकणं रेकॉर्ड करून रात्रभर वाजवतात. डुकरांना म्हणे आठवड्यात त्याची सवय होते. रोही देखणा आहे हे मला मान्य, पण तो देखणा आहे असं म्हणण्याचा हक्क मळा राखणाऱ्यालाच आधी मिळायला हवा, असं मला हल्ली वाटतं. सुट्टीवर आलेल्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणि किनारा? तो आम्हालाही होता. आत्याचं गाव पूर्णेच्या काठी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी आमच्याकडे येते तोवर मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधली वेस झालेली असते. पलीकडे बुलढाणा जिल्हा. उन्हाळ्यात पाणी एका कडेला आक्रसायचं आणि उरलेल्या पात्रभर वाळू. दुपारी तिच्यावर पाय टेकवत नसे, चांदण्यात मात्र ती थंडगार व्हायची आणि सगळी भावंडं तिथेच लोळायची. खरबुजांच्या वाड्या वाळूतच लावलेल्या असत. पाणी हवं असेल तर नदीपर्यंत जायचं कारण नव्हतं. दोन्ही हातांनी वाळू उकरायची. कोपरभर खाली गेलं की ओल लागे, मग तळाशी गढूळ पाणी जमे. ते वाटीनं उपसून टाकायचं, पुन्हा जमू द्यायचं, पुन्हा उपसायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला झिऱ्याचं पाणी असं नितळ होई की तळाचा कणन् कण मोजावा. आत्या त्यात घागर न बुडवता वाटी-वाटीनं भरायची. आई रागावायची ती फक्त एका गोष्टीवरून: वाळूत पळताना खाली बघत जा, पाखरांची अंडी असतात. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची अंडी, घरटं म्हणून नुसता एक उथळ खळगा. पाय पडेपर्यंत दिसत नसत.

यंदा पोरांना तो किनारा दाखवायला नेलं. जिथे वाळू होती तिथे उघडा खडक आणि मातकट डबकी, मधूनच ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. मुलीनं हातानं उकरून पाहिलं, वीतभर खाली मुरूम लागला. काठावरच्या विहिरींचं पाणी खाली गेलं, कारण ते धरून ठेवणारी वाळूच राहिली नाही. वर धरणं झाल्यापासून नवी वाळूही पूर्वीसारखी वाहून येत नाही. 2023 साली सरकारनं 600 रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण काढलं, 2025 साली ते बदलून कृत्रिम वाळूवर भर दिला. आत्याला या धोरणांचं काही सांगता येणार नाही. ती आता फार थकलीय. "नदी ट्रॉलीत बसून गेली माय," एवढंच म्हणाली. कुठे गेली तेही उघड आहे. आम्ही पुण्यात ज्या स्लॅबखाली झोपतो तीही कुठल्या तरी नदीतूनच आलीय.

पोरांची समजूत काढायला मग लोणारला गेलो. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं ते विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी, भोवती झाडी, झाडीत मोर आणि वानरं. जून 2020मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळी दुनिया चमकली. खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. आमच्या लहानपणी रंग बदलण्याचा एवढा गाजावाजा नसे. शाळेच्या सहलीत गुरुजींनी आमच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली आणि वर सरोवराचं पाणी शिंपडलं. पिवळी हळद डोळ्यांदेखत कुंकवासारखी लाल झाली. अल्क म्हणजे काय, हे मला त्यानंतर कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. लोणारला खरोखर संरक्षण मिळालं, याचा आनंदच आहे. पण पूर्णेची वाळू कुणाच्या यादीत नाही. ती जगावेगळी नव्हती, एवढाच तिचा गुन्हा.

परतताना पुलावर गाडी थांबवली. खडकांवर धोबी शेपट्या हलवत होते, एक टिटवी आमच्यावर खेकसली, डबक्यापाशी चक्रवाकांची जोडी होती. ही पाखरं खडकावरही भागवतात. भागत नाही ते नदीसुरय आणि छोट्या आर्लीचं, कारण त्यांना अंडी घालायला मोकळी वाळूच लागते, आणि त्यांचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नदी आटून ट्रॅक्टर पात्रात उतरण्याच्याच दिवसांत. पावसाळ्यात वाळू काढायला बंदी असते, पण तेव्हा पात्रात अंडी नसतात, पूर असतो. बंदीचे महिने ठरवणाऱ्यांनी एकदा पाखरांचं पंचांगही पाहावं.